आडवाटेची शर्यत

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पाळी बदलली की एके काळी त्या नगरीचे रस्ते सायकलींनी भरून जात. सायकलीच्या हँडलला डबा अडकवलेले, डोक्यावर शिरस्त्राण चढवलेले हजारो कामगार एकाच वेळी फाटकाकडे निघत, आणि तितकेच परतत. आता त्या गर्दीतील बहुतेक जागा मोटारसायकलींनी घेतली आहे. तरीही रुआबांध्याच्या बाजूला आजही सायकल दिसते, आणि ती केवळ डांबरी सडकेवर दिसत नाही. भिलाईच्या नगररचनेत बऱ्याच वसाहतींच्या वाट्याला नुसते क्रमांक आले; रुआबांधा, मरोदा, रिसाली यांच्यासारख्या काहींनी मात्र गावाचे नाव टिकवले. गावाचे नाव टिकले की गावाची वाटही थोडीफार टिकते. सडक संपते, मुरुमाची पायवाट सुरू होते, आणि सायकलस्वार सवयीने सीटवरून किंचित उठून दोन्ही पायांवर भार घेतो. ही हालचाल त्याला कोणी शिकवलेली नसते. खाचखळग्यांनीच ती शिकवलेली असते.

आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे, त्याची सारी विद्या या एका हालचालीत बीजरूपाने आहे. लांब पल्ल्याच्या, कच्च्या वाटेवरच्या सायकलशर्यती हा तो खेळ. शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर माती, खडी, चिखल आणि वाळू तुडवत जाणारी माणसे हल्ली जगभर आढळतात. चांगली सडक उपलब्ध असताना माणसाने मुद्दाम वाईट वाट का धरावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. आणि मागे गेल्यावर असे ध्यानात येते की आडवाटेची शर्यत ही नवी हौस नाही, सायकलशर्यतीचे ते मूळ रूप आहे.

दोन समान चाकांची, साखळीने चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात स्थिरावली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर पुढे आणला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचे, अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत फ्रान्समध्ये भरली. शार्ल तेराँ नावाच्या स्वाराने ती बहात्तर तासांच्या आत, न झोपता, पुरी केली. त्याच्या सायकलीला मिशेलिन बंधूंचा नवा, काढता-घालता येणारा टायर होता. वाटेत टायर फुटल्यावर ज्याला तो लवकर बदलता येईल, तो पुढे जाईल, हा धडा त्या दिवशी साऱ्या युरोपला मिळाला. ज्या रस्त्यावरून हे लोक धावले, तो आजच्या अर्थाने रस्ताच नव्हता. खडी दाबून केलेली, उन्हात धुळीची आणि पावसात चिखलाची अशी ती गाडीवाट होती. डांबरी रस्ता त्या वेळी क्वचित कोठे तरी, तोही शहरात, भेटायचा. तेव्हा ‘आडवाट’ आणि ‘वाट’ हा भेदच नव्हता.

सहा वर्षांनी अमेरिकेत एक विलक्षण प्रयोग झाला. १८९७ च्या जून महिन्यात मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला येथून पंचविसाव्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णीय शिपाई, लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली, सायकलींवर निघाले. घोड्याची जागा सायकल घेऊ शकेल काय, हे सैन्याला पाहायचे होते. बंदूक, तंबू, पांघरूण आणि शिधा बरोबर घेऊन त्यांनी सेंट लुइसपर्यंतचे सुमारे ३,०५० किलोमीटर एकेचाळीस दिवसांत तोडले. मोंटानाच्या चिकणमातीने चाके जाम होत. नेब्रास्काच्या वाळूत सायकल चालेना, तेव्हा त्यांनी रेल्वेच्या रुळांचा आधार घेतला आणि स्लिपरांवरून सायकली ढकलल्या. ही शर्यत नव्हती, बक्षीसही नव्हते. पुढे सैन्याने सायकल स्वीकारलीही नाही. परंतु माणूस स्वतःचे ओझे स्वतः वाहून, स्वतःची दुरुस्ती स्वतः करून, रस्ता नसलेल्या मुलखातून सायकलीने किती दूर जाऊ शकतो, याचे माप त्या वीस शिपायांनी घालून दिले. आज याच मुलखातील खेळाडू त्यांचे स्मरण करतात, हे योग्यच आहे.

आता फ्रान्सच्या त्या जगप्रसिद्ध प्रदक्षिणेकडे वळू. ‘तूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी केवळ सहा टप्पे होते, पण अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. म्हणजे एकेक टप्पा सरासरी चारशे किलोमीटरांचा. स्वार रात्रीच निघत आणि दुसऱ्या दिवशी उशिरा पोहोचत. १९१० मध्ये शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली. तूरमाले नावाच्या खिंडीतून जाणारी वाट तेव्हा गुराढोरांना नि खेचरांना शोभेल अशी होती. शर्यतीचा प्रमुख आंरी देग्रांज मोठा करडा माणूस. स्वाराने कोणाचेही साहाय्य घेऊ नये, जे मोडेल ते त्याने स्वतःच्या हाताने नीट करावे, असा त्याचा दंडक होता.

या दंडकाची कसोटी १९१३ साली लागली. ओझेन क्रिस्तोफ हा स्वार तूरमालेच्या माथ्यावर आघाडीच्या लोकांत होता. एकूण क्रमवारीत पहिला येण्याची संधी त्याच्या हाती आली होती. उतारावर त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. चिमटा मोडला म्हणजे सायकल संपलीच. क्रिस्तोफने ती खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरांहून अधिक अंतर चालत तो सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात आला. तेथे एका लोहाराची भट्टी होती. लोहाराने त्याला काय करायचे ते सांगावे, पण हात लावू नये, असे ठरले. कारण शर्यतीचे पंच तेथे उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने लोखंड तापवले, ठोकले, जोडले. परंतु एका हातात चिमटा आणि दुसऱ्यात हातोडा धरलेल्या माणसाला भाता कसा ओढता येणार? तेथल्या एका पोराने भाता ओढला. या साऱ्यात जवळजवळ चार तास गेले, आणि वर पंचांनी दहा मिनिटांचा दंड ठोठावला. गुन्हा एवढाच, की भात्यावर दुसऱ्याचा हात होता. पुढे तो दंड तीन मिनिटांवर आला. क्रिस्तोफने शर्यत सोडली नाही. तो पॅरिसला सातवा पोहोचला.

या गोष्टीला एक उत्तरार्ध आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, आघाडीवरील स्वाराला पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली. तो सदरा पहिल्यांदा क्रिस्तोफनेच घातला. शर्यत संपत आली असताना, उत्तरेतील युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवर, त्याचा चिमटा पुन्हा मोडला. पुन्हा त्याने तो स्वतः जोडला, आणि पुन्हा जय हातचा गेला. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. ती रक्कम विजेत्याच्या बक्षिसाहून मोठी भरली. पंचांनी भात्यावरच्या हातासाठी दंड केला होता. लोकांनी मात्र आपण होऊन हात पुढे केला. न्याय कोणाचा खरा, हा प्रश्न तेव्हापासून या खेळाच्या पोटात आहे, आणि माझ्या मते लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सारा इतिहास हा या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध आहे. माणसाने केलेली वाटचाल त्याची स्वतःची किती, आणि इतरांच्या हातांची किती?

आपल्याकडे हा प्रश्न शर्यतीच्या नव्हे, तर साहसाच्या वाटेने आला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, केकी पोचखानवाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमान कापडिया ही त्यांची नावे. पंजाब, बलुचिस्तान, इराण या मार्गाने ते मेसोपोटेमियाच्या वाळवंटात उतरले. बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरांचे अंतर त्यांनी तेवीस दिवसांत कापले. हिशेब केला तर दिवसाला चाळीस किलोमीटर पडतात. डांबरी सडकेवर शाळकरी मुलगाही तेवढे जाईल. परंतु त्या मुलखात सडकच नव्हती. वाळूत चाक रुतते, तेव्हा सायकल वाहन राहत नाही, ओझे होते. हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून मुंबईस परतले. त्यांच्यामागून १९२४ मध्ये निघालेले फ्रामरोज दावर तर सहारा आणि अॅमेझॉनचे अरण्य ओलांडून १९३१ मध्ये आले. त्यांना साहाय्य घेऊ नका, असे सांगणारा पंच कोणी नव्हता. पण वाळवंटात साहाय्य मागायला माणूस तरी कोठे होता? जेथे माणूस भेटला, तेथे त्याचे पाणी आणि निवारा त्यांनी कृतज्ञतेने घेतला. दंडक नव्हता, म्हणून त्यांच्या पराक्रमाला उणेपणा आला, असे कोणी म्हणणार नाही.

पुढे डांबर आले, आणि खेळाची प्रकृती बदलली. रस्ते गुळगुळीत झाले, सायकली हलक्या झाल्या, आणि मदतीच्या मोटारी शर्यतीच्या मागे धावू लागल्या. तूरमध्ये १९३७ पासून गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली. यथावकाश चाक मोडले तर चाक, सायकल मोडली तर सायकल, काही क्षणांत मिळू लागली. वेग वाढला, हे खरे. पण क्रिस्तोफ ज्या संकटात सापडला होता, ते संकटच नाहीसे झाले. आणि संकटाबरोबर त्याचे लोहारकामही गेले.

मग उलटी लाट आली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली घेऊन एका डोंगराच्या मातीच्या उतारावर शर्यत लावली. त्या सायकलींना मागे पॅडल दाबून लावायचा ब्रेक होता. साडेतीन किलोमीटरांपेक्षाही कमी असलेल्या त्या उतारावर ब्रेक इतका तापे, की आतले वंगण जळून धूर निघे, आणि प्रत्येक फेरीनंतर नवे वंगण भरावे लागे. म्हणून त्या उताराला ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असेच नाव पडले. याच मंडळींच्या खटपटीतून डोंगरी सायकल जन्मली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले; २०२२ मध्ये खडीच्या रस्त्यावरील शर्यतीचे पहिले जागतिक अजिंक्यपद इटलीत भरले. डांबराने जी माती झाकली होती, ती माणसाने पुन्हा शोधून काढली.

लांब पल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना १९९९ मधली. जॉन स्टॅमस्टॅड याने रॉकी पर्वताच्या जलविभाजक रेषेला धरून जाणारी, मुख्यतः कच्ची अशी वाट, कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, एकट्याने अठरा दिवसांहून थोड्या अधिक वेळात पुरी केली. त्या वाटेवर २००८ पासून ‘टूर डिव्हाइड’ नावाची शर्यत होते. कॅनडातील बॅन्फपासून निघायचे आणि सुमारे ४,४०० किलोमीटर दक्षिणेस मेक्सिकोच्या सीमेवर थांबायचे. प्रवेशशुल्क नाही, बक्षीस नाही, मागे मोटार नाही. अस्वलांच्या रानात झोपायचे, बर्फ आणि चिखल दोन्ही तुडवायचे, आणि अन्न पुढच्या गावच्या दुकानात मिळेल या भरवशावर चालायचे.

या शर्यतीचा साहाय्याविषयीचा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. आधी ठरवून ठेवलेली, एखाद्या स्वाराच्याच वाट्याला येणारी मदत वर्ज्य. पण जे दुकान, जी खानावळ, जो कारागीर प्रत्येक स्वाराला सारखाच खुला आहे, त्याचा उपयोग कोणीही करावा. या नियमाच्या उजेडात १९१३ चा निवाडा पुन्हा तपासून पाहा. सेंत-मारीच्या लोहाराचे दार ज्याचा चिमटा मोडेल त्या प्रत्येकासाठी उघडे होते. आजच्या पंचाने क्रिस्तोफला दंड केला नसता. उलट लोहाराला पैसे देऊन चिमटा जोडून घे, म्हणून सांगितले असते. जवळजवळ शंभर वर्षांच्या अनुभवानंतर खेळाला एक साधी गोष्ट उमगली. मदत घेण्यात अन्याय नाही. जी मदत एकालाच मिळते आणि दुसऱ्याला नाकारली जाते, तीत अन्याय आहे.

महाराष्ट्रातील खेळाडूंनी या क्षेत्रात जे केले, ते दुसऱ्या टोकाच्या शर्यतीत केले. तेही पाहण्यासारखे आहे. मुंबई-पुणे सायकलशर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची परंपरा आपल्याला परिचित आहे. हिमाचल प्रदेशात २००५ पासून डोंगरी वाटांवरची अनेक दिवसांची शर्यत सुरू झाली, आणि सह्याद्रीत सराव केलेल्या स्वारांना हिमालयाचे दार उघडले. परंतु अंतराच्या दृष्टीने सर्वांत मोठा टप्पा अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या शर्यतीत गाठला गेला. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचेच सैन्यातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, पार केली. समर्थांनी पुढल्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांहून लांब असलेली शर्यत पुरी केली. ज्या रशियाच्या साहाय्याने १९५५ च्या करारानंतर भिलाईचा कारखाना उभा राहिला, तो देश एका नागपूरकराने सायकलीने ओलांडला, हा योगायोग भिलाईकरांना नक्कीच आवडेल. कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात होती, त्याचा कारभार नागपूरहूनच चाले.

या शर्यती डांबरावरच्या, हे कबूल केले पाहिजे. आणि अमेरिकेच्या त्या शर्यतीत नियम अगदी उलटा आहे: मागे मदतनीसांची मोटार असलीच पाहिजे. स्वार दिवसातून जेमतेम दोन-तीन तास झोपतो. त्याने कधी खावे, कधी प्यावे, कधी थांबावे, हे दुसरेच कोणी ठरवतात. झोपेने त्याचा तोल गेला तर त्याला हाका मारून जागे ठेवतात. शर्यतीच्या यादीत नाव एकाचे लागते. परंतु त्या नावामागे आठ-दहा माणसांचे जागरण असते. म्हणजे येथे भात्यावरचा हात नियमानेच मान्य केला आहे. एका शर्यतीत हात नको, दुसरीत तो हवाच. या दोहोंपैकी खरे कोणते? मला वाटते, दोन्ही प्रामाणिक आहेत, कारण दोन्हींत हात कोणाचा आणि किती, हे उघड सांगितलेले आहे. लबाडी तेव्हाच होते, जेव्हा हात घेतलेला असतो आणि एकटेपणाची कीर्ती मिरवली जाते.

ही गोष्ट केवळ खेळाची नाही. आपल्याला एकाकी वीराचे वेड फार. शिखरावरच्या माणसाचे चित्र आपण भिंतीवर लावतो. दोर धरणारा चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले, हे पुस्तकात मिळते. राजहऱ्याच्या खाणीत तिच्यासाठी खनिज फोडणाऱ्यांची आणि पहाटेच्या पाळीला सायकल हाणीत येणाऱ्यांची नावे पुस्तकात मिळत नाहीत. झोतभट्टी म्हणजे तरी काय, एक प्रचंड भाताच. आणि तो ओढणारे हात हजारो.

आणखी एक विचार मनात येतो. टूर डिव्हाइडचा स्वार आडवाट निवडतो. त्याला ती आवडते. ती सोडून सडकेने जायचे त्याला स्वातंत्र्य असते. छत्तीसगडच्या आणि आपल्या गडचिरोलीच्या रानांतून सायकल हाणणाऱ्या टपालवाल्याला, आरोग्यसेविकेला, शाळकरी मुलीला ते स्वातंत्र्य नव्हते, आणि कित्येक ठिकाणी आजही नाही. नदीनाला आला की सायकल खांद्यावर घ्यायची, हे क्रिस्तोफने एकदा केले आणि त्याचे नाव इतिहासात गेले. या माणसांनी ते दर पावसाळ्यात केले. त्यांच्यासाठी घड्याळ लावून कोणी उभा नव्हता. त्यामुळे आडवाटेच्या शर्यतीचे कौतुक करताना, ज्यांची ती शर्यत नसून रोजची रहाटी आहे, त्यांच्यापुढे खेळाडूने आणि प्रेक्षकाने थोडे नम्र व्हावे. खेळाने दुःखाची नक्कल करू नये. पण दुःख सोसणाऱ्याचे कौशल्य ओळखण्याइतकी दृष्टी खेळाने आपल्याला दिली, तर त्याचे काम झाले.

रुआबांध्याच्या त्या मुरुमाच्या वाटेवर एखाद्या मुलाच्या सायकलीचा टायर बसला, तर तो ती ढकलत सडकेपर्यंत येतो. तेथे झाडाखाली पाण्याची घमेली, पंप आणि रबराची ठिगळे घेऊन कोणी तरी बसलेला असतो. ट्यूब पाण्यात बुडवली जाते, बुडबुडे येतात, भोक सापडते. कारागीर ठिगळ लावतो, आणि पंप मुलाच्या हातात देऊन म्हणतो, ‘हवा तू भर.’ दुरुस्तीचा हात दुसऱ्याचा, हवा भरणारा हात स्वतःचा. आणि त्या दोन हातांमध्ये कोणाला कमीपणा नाही. देग्रांजच्या पंचांना जो हिशेब जमला नाही, तो तेथे रोज, दोन-चार नाण्यांत, निर्वेध चुकता होतो. मुलगा सीटवर बसतो, वाट खडबडीत लागताच किंचित उठतो, आणि दिसेनासा होतो.